वाचन भरभर, भाषांतर सावकाश

एमबीएच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचे मराठीत भाषांतर करा, असा प्रश्न येत नाही. कॅटमध्ये नाही, राज्याच्या सीईटीतही नाही. तरीही मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींनी तयारीच्या काळात रोज थोडे भाषांतर करावे, असे माझे ठाम मत आहे. अट एकच. भाषांतराची वेळ वेगळी ठेवायची आणि वाचनाची वेगळी. दोन्हींची सरमिसळ झाली की वाचन रखडते आणि भाषांतरही वरवरचे होते.

हे लिहिताना डोळ्यांपुढे नागझिऱ्याच्या भोवतीची गावे आहेत. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी या बाजूचा एखादा मुलगा किंवा मुलगी. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग गोंदिया, तिरोडा नाहीतर साकोलीला पदवी. घरी धानाची शेती. पर्यटनाच्या हंगामात कुणी गाईड, कुणी जिप्सीवर. एमबीएचे क्लास नागपूरला, आणि तिथे खोली करून राहणे झेपत नाही. ऑनलाइन शिकायचे म्हटले तर रेंज आज असते, उद्या नसते. असे विद्यार्थी गणित आणि लॉजिक स्वतःच्या बळावर बऱ्यापैकी उरकतात. गाडी अडते ती इंग्रजी उताऱ्यांवर.

परीक्षा नेमके काय मागते ते आधी पाहून घेऊ. कॅटच्या इंग्रजी विभागाला ४० मिनिटे मिळतात. अलीकडच्या वर्षांत त्यात २४ प्रश्न असतात. चार उतारे, प्रत्येकावर चार प्रश्न, म्हणजे १६ झाले. उरलेल्या आठांत परिच्छेदाचा सारांश, विस्कटलेली वाक्ये क्रमाने लावणे, गटात न बसणारे वाक्य ओळखणे असले प्रकार येतात. बरोबर उत्तराला ३ गुण. पर्याय निवडायचा प्रश्न चुकला तर १ गुण वजा होतो, उत्तर टंकायच्या प्रश्नाला वजाबाकी नाही. उतारा साधारण ५०० शब्दांचा असतो. एका उताऱ्याला सात मिनिटे दिली तर चारांना २८ लागतात आणि आठ सुट्या प्रश्नांना १२ उरतात. सातपैकी वाचायला तीन, फार तर साडेतीन मिनिटे. बाकीची प्रश्नांना हवीत. सीईटीचा बाज निराळा. २०० प्रश्न, १५० मिनिटे, त्यांतले ५० इंग्रजीचे, आणि चुकीला गुण कापत नाहीत. प्रश्नामागे सरासरी ४५ सेकंद. तिथले उतारे तुलनेने सोपे असतात, पण रेंगाळायला सवड नसते. थोडक्यात सीईटीला वेग लागतो आणि कॅटला पकड लागते. नागपुरात २०१५ पासून आयआयएम आहे. आपल्या भागातल्या मुलांनी कॅट ही पुण्या-मुंबईच्या पोरांची परीक्षा समजून सोडून देण्याचे कारण नाही.

‘शब्दच येत नाहीत’, ही नेहमीची तक्रार. ती खरी आहे का, हे घरच्या घरी तपासता येते. कॅटच्या जुन्या पेपरातला एक उतारा घ्या. अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहा, हवा तेवढा वेळ घ्या, आणि मग चार प्रश्न सोडवा. सगळे शब्द कळूनही दोन उत्तरे चुकली, तर दुखणे शब्दांचे नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते नसतेच. लेखक स्वतःचे मत कुठे मांडतो आहे, दुसऱ्याचे मत खोडण्यासाठी कुठे सांगतो आहे, आणि कुठे अर्धेच मान्य करतो आहे, हे हातातून निसटते.

एक वाक्य घेऊन पाहू. ते मी सरावासाठी रचले आहे, पण कॅटच्या उताऱ्यांत या घडणीची वाक्ये पावलोपावली भेटतात. ‘इट इज नाईव्ह टु सपोज दॅट द कॉरिडॉर सर्व्हाइव्ज मिअरली बिकॉज द लॉ प्रोटेक्ट्स इट.’ विषय आपल्या ओळखीचा आहे. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांना जोडणारी रानपट्टी, मधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, आणि तो ओलांडणारी जनावरे. एकही शब्द फार अवघड नाही. घाईत वाचणारा म्हणतो, कायद्याने संरक्षण दिले म्हणून कॉरिडॉर टिकला. हे उलटेच झाले. थोडा सावध विद्यार्थी लिहितो, कॉरिडॉर कायद्यामुळे टिकला असे मानणे भाबडेपणाचे आहे. हे जवळ आले, पण ‘मिअरली’ गळाला. नीट भाषांतर असे होईल : कॉरिडॉर टिकून आहे तो केवळ कायद्याच्या संरक्षणामुळे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणजे कायद्याचा हातभार लेखकाला मान्य आहे. तेवढ्यावर भागले, हे मान्य नाही. आता प्रश्नातला एक पर्याय म्हणेल, ‘लेखकाच्या मते कॉरिडॉर टिकण्यात कायद्याचा वाटा नाही.’ दुसरा म्हणेल, ‘कायद्याखेरीज इतरही कारणे आहेत.’ ज्याने ‘केवळ’ कागदावर उतरवले तो पहिल्या पर्यायाला फसत नाही. पुढच्या वाक्यात ती इतर कारणे येणार, गावकऱ्यांची साथ किंवा जमिनीचा चढउतार किंवा आणखी काही, हेही त्याला आधीच कळलेले असते.

मनातल्या मनात ‘कळले’ म्हणणे फार सोपे असते. मराठीत लिहायला बसलो की न कळलेली जागा उघडी पडते, कारण मराठी वाक्य पुरे करायला कर्ता लागतो, क्रियापद लागते, आणि ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरी’ यांपैकी नेमके काय घालायचे ते ठरवावे लागते. म्हणून हा खटाटोप. उत्तम अनुवादक होणे हा हेतू नाही.

करायचे ते असे. रोज एकच परिच्छेद, शंभर-सव्वाशे शब्दांचा. वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी हाताने उतरवा, उजवे पान मराठीला ठेवा. उतरवून काढणे कंटाळवाणे वाटेल, पण स्वल्पविराम कुठे आहे आणि अर्धविराम कुठे, हे लिहितानाच ध्यानात येते. मग प्रत्येक वाक्यातले मुख्य क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारा. इंग्रजीत ते लवकर येऊन जाते आणि मागे ‘व्हिच’, ‘हू’, ‘दॅट’ यांची शेपटे लोंबत राहतात. मराठीत आपण क्रियापदाची वाट शेवटपर्यंत पाहतो. चाळीस शब्दांच्या इंग्रजी वाक्याचे चाळीस शब्दांचे मराठी वाक्य करायला जाल तर ‘जो’, ‘ज्याने’, ‘ज्याच्यामुळे’ यांत गुरफटाल. खुशाल तीन वाक्ये करा. आईला किंवा शेजारच्या काकांना वाचून दाखवले तर त्यांना कळले पाहिजे, एवढीच कसोटी ठेवा. झाडीबोलीत सुचले तर तसे लिहा, त्याने काही बिघडत नाही.

अडलेल्या शब्दाला शब्दकोश लगेच उघडू नका. आधी वाक्यावरून अर्थ बांधा आणि पेन्सिलीने लिहा. परिच्छेद संपल्यावर पडताळा. परीक्षेत शब्दकोश नसतो, तिथे हा बांधलेला अंदाजच चालवायचा असतो. आणि मोठ्या शब्दांपेक्षा बारक्या शब्दांवर अधिक डोळा ठेवा. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत ‘फारसे कुणी नाही’ आणि ‘काही जण’ एवढा फरक पडतो. ‘हार्डली’, ‘फार फ्रॉम’, ‘अॅट बेस्ट’, ‘नॉट सो मच’ हे शब्द वाक्याचा रोख फिरवतात. पाठ करायच्या हजार शब्दांच्या याद्या बाजारात मिळतात. त्यांत हे बहुधा नसतात, आणि मला त्या याद्यांचा एकूणच फारसा उपयोग वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी डावे पान झाकून आपल्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी लिहा आणि मुळाशी ताडून पाहा. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, तरुणपणी तो ‘स्पेक्टेटर’ नियतकालिकातले निबंध घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय टिपून ठेवायचा आणि काही दिवसांनी त्या टिपणांवरून निबंध पुन्हा लिहून मुळाशी ताडायचा. कधी तो ती टिपणे मुद्दाम विस्कटून टाकी आणि काही आठवड्यांनी पुन्हा योग्य क्रमाने लावायला बसे. विस्कटलेल्या वाक्यांच्या प्रश्नासाठी याहून चांगला सराव मला माहीत नाही, आणि त्याला पैसाही लागत नाही. परिच्छेदाची पाच वाक्ये पाच चिठ्ठ्यांवर मराठीत लिहा, डब्यात टाका, आठवड्याने काढा आणि लावा. ‘हे’, ‘असे’, ‘ही दुसरी अडचण’ असे शब्द ज्या चिठ्ठीत आहेत तिच्या आधी काय यायला हवे, हा विचार करता करता क्रम सुटतो.

आपल्याकडे आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटले. पाया पक्का नसेल तर आजही ती पुस्तके उपयोगाची आहेत, महिना-दोन महिने जरूर करा. मात्र तिथली वाक्ये सुटी आहेत. प्रवेश परीक्षा सुट्या वाक्यांची नसते, वाक्यांच्या नात्यांची असते. पाठमाला संपवून तिथेच थांबू नका.

आता वाचन. इथे पेन खाली ठेवायचे. वाचताना मनात मराठी करायचे नाही, शब्दाला अडायचे नाही, मागे फिरायचे नाही. घड्याळ लावून ५०० शब्द वाचायचे आणि संपल्यावर एका मराठी वाक्यात सांगायचे की लेखकाला काय म्हणायचे आहे. सुरुवातीला सहा मिनिटे लागतील. लागू द्या.

वाचायचे काय, याचे उत्तर हाताशी आहे. नागपूरचे ‘हितवाद’ हे इंग्रजी दैनिक १९११ सालचे, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने सुरू केलेले. त्यात आपल्या विदर्भाच्या बातम्या असतात. तीच बातमी सकाळी मराठी दैनिकात वाचा आणि नंतर इंग्रजीत. उदाहरणच द्यायचे तर, मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, तेव्हा ही बातमी दोन्ही भाषांत आली होती. घटना आपल्या रानातली, घडले काय ते आधीच ठाऊक. अशा वेळी अनोळखी इंग्रजी शब्दाचा अर्थ आपोआप लागतो. कुठली माहिती एका बातमीत वर आहे आणि दुसरीत तळाला, अधिकाऱ्याचे म्हणणे कुठे संपते आणि बातमीदाराचे कुठे सुरू होते, हे पाहण्याची सवय इथे लागते.

व्यवसायाशी संबंधित इंग्रजीसाठी मी सर्वांत आधी बालभारतीची पुस्तके सुचवेन. अकरावी-बारावीचे अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन व व्यवस्थापन ही पुस्तके मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत आहेत आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळतात. तोच धडा दोन भाषांत समोरासमोर ठेवता येतो. स्वतःचे भाषांतर तपासायला गुरुजी शोधायला नको. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची निवेदनेही इंग्रजीबरोबर मराठीत निघतात. सरकारी मराठी जड असते. ती सुटी करून लिहिणे हा आणखी एक सराव. गोंदियाला किंवा साकोलीला जाल तेव्हा हे सगळे एकदम उतरवून घ्या, कारण जंगलाच्या कडेला रेंजच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

तीन-चार महिन्यांनी पायरी चढायची. कॅटचे उतारे ‘एऑन’, ‘गार्डियन’ यांसारख्या ठिकाणच्या दीर्घ लेखांवरून बेतलेले असतात. हे लेख फुकट वाचता येतात. तत्त्वज्ञान, कलेचा इतिहास, मानववंशशास्त्र, असे आपण एरवी हातात न घेणारे विषय मुद्दाम निवडा. पहिल्या परिच्छेदात काही कळले नाही तरी वाचत राहा, कारण लेखाचा रोख बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट होतो.

आणि लेखकाचा सूर ओळखायला शिकायचे असेल तर आपल्याच मुलखावरची जुनी इंग्रजी पुस्तके काढा. जेम्स फोर्सिथचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ चे आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ चे. दोन्ही हक्कमुक्त आहेत आणि इंटरनेट अर्काइव्हवर मिळतात. वाक्ये लांबच लांब. एका वाक्यात पाच थांबे. पण खरा लाभ पुढे आहे. साहेब गोंडांबद्दल लिहितो तेव्हा कौतुक आणि तुच्छता एकाच परिच्छेदात नांदतात. कुठल्या शब्दाला कौतुक ओसरले आणि वरून पाहणे सुरू झाले, तिथे पेन्सिलीने खूण करा. ज्यांच्याविषयी ते लिहिले आहे ती माणसे तुमच्या गावात आहेत, कदाचित तुमच्या घरात आहेत. तो सूर तुम्हाला पुण्यातल्या मुलापेक्षा लवकर खटकेल. परीक्षेत ‘लेखकाचा दृष्टिकोन कसा आहे’ या प्रश्नाला नेमकी हीच जाण लागते.

नागझिऱ्याचे नाव मराठी वाचकांच्या घरी पोचवले ते व्यंकटेश माडगूळकरांनी. या जंगलात मुक्काम करून त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. माडगूळकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते. इंग्रजी त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतले आणि स्टाइनबेक, ऑर्वेल, लिअम ओ’फ्लॅहर्टी यांच्यासारखे लेखक मुळातून वाचले. क्लास नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. त्यांच्या ‘बनगरवाडी’चा राम देशमुखांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने १९५८ साली निघाला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा एखाद्या जुन्या वाचनालयात मिळाला तर सोडू नका. मराठीतले एक पान वाचायचे, ते इंग्रजीत कसे म्हणता येईल याचा अंदाज करायचा, आणि मग देशमुखांनी काय केले ते पाहायचे. परीक्षेच्या उताऱ्यांशी याचा थेट संबंध नाही. पण इंग्रजीची भीती मोडायला अशा पानांचा उपयोग होतो.

वेळापत्रक आपल्या शेतीच्या आणि जंगलाच्या हंगामावर बसवा. शहरातल्या क्लासचे वेळापत्रक इथे चालत नाही. सीईटी साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास येते, म्हणजे ऐन मोहफुलांच्या दिवसांत. त्या वेळी पहाट रानात जाते. वाचन दुपारी ठेवा. त्यानंतर मे महिना तेंदूपानाचा, त्यात एका परिच्छेदाच्या भाषांतराहून जास्त काही ठरवू नका. जुलैत रोवणी. पण पावसाळ्यात अभयारण्याचे दरवाजे बंद असतात, गाईड आणि जिप्सीवाल्यांना काम नसते. रोवणी आटोपली की ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने खऱ्या अर्थाने आपले. कॅटचे अर्जही साधारण ऑगस्टमध्येच सुटतात. पोर्टल अडून बसते, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. ऑक्टोबरपासून पर्यटक येऊ लागतात आणि पाठोपाठ धानाची कापणी-मळणी सुरू होते. कॅट असते नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारच्या आसपास. म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांत सलग अभ्यास होणार नाही, हे गृहीत धरूनच आधीचे महिने वापरा.

भाषांतराचे प्रमाणही याच क्रमाने उतरते ठेवायचे. पहिल्या सहा महिन्यांत रोज एक परिच्छेद, पावसाळ्यात एक दिवसाआड, आणि ऑक्टोबरनंतर फक्त त्या उताऱ्यांचे ज्यांतले प्रश्न चुकले. सप्टेंबर उजाडला तरी वाचताना मनात मराठी वाक्य जुळवावे लागत असेल, तर सोपे साहित्य घेऊन वेग वाढवा. बारावीचे अर्थशास्त्र इंग्रजीतून गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचता आले पाहिजे.

जुने पेपर सोडवण्यात मात्र कंजुषी नको. कॅटचे गेल्या काही वर्षांचे पेपर उपलब्ध आहेत. आठवड्याला एक इंग्रजी विभाग ४० मिनिटांत सोडवायचा, आणि तपासणीला त्याच्या दुप्पट वेळ द्यायचा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा. ‘उताऱ्यात नसलेले गृहीत धरले’, ‘अर्धेच खरे असलेला पर्याय घेतला’, ‘दुसऱ्याचे मत लेखकाचे समजलो’, ‘वेळ संपत आला म्हणून ठोकून दिले’. महिन्याभरात दिसेल की आपण एकाच प्रकारे पुन्हा पुन्हा चुकतो. ती एक खोड मोडली तरी गुणांत फरक पडतो. बरोबर आलेल्या उत्तरांपैकी जी निव्वळ नशिबाने आली, तीही खूण करून ठेवा. आणि चारही उतारे सोडवलेच पाहिजेत, असा हट्ट नको. तीन नीट आणि चौथ्यातले हाती लागतील तेवढे, असा हिशेब पुष्कळांना परवडतो. सीईटीत चुकीला गुण जात नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

शेवटच्या आठवड्यात नवा लेख, नवी यादी, नवा सराव पेपर काही नको. स्वतःची भाषांतराची वही उघडा आणि फक्त ज्या वाक्यांवर आपण फसलो होतो ती वाचा. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि ओळखपत्र आधीच एका पिशवीत ठेवा. कॅटची सकाळची पाळी साडेआठला सुरू होते आणि त्याच्या बरेच आधी केंद्रावर पोचावे लागते. नागपूरचे केंद्र आणि ती पाळी मिळाली, तर पहाटेच्या गाडीवर विसंबू नका. आदल्या दिवशी दुपारीच निघा, केंद्र कुठे आहे ते उजेडात पाहून ठेवा आणि रात्री वेळेवर झोपा.